मिश्री लावली की रक्त थांबतं, मग ती औषध का नव्हे?

पत्रातला प्रश्न

निपाणीजवळच्या एका गावातून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचं सार देते. वय ४४. घरी थोडी शेती, मालक साखर कारखान्यात, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सहा वर्षांपूर्वी दाढ ठणकत होती तेव्हा सासूबाईंनी (ताई त्यांना आत्ती म्हणतात) तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री हातावर दिली. ठणका थांबला, सवय राहिली. आता दिवसातून चार वेळा लागते. गेली दोन वर्षं ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून ब्रश जवळजवळ सुटलाच आहे. मिश्री लावली की मात्र रक्त दिसत नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास शुगर निघाली. तालुक्याच्या गावातल्या दंतवैद्यांनी दात ‘क्लीन’ करून घ्यायला सांगितलं. पण नणंदेनं ते केलं होतं, तर तिच्या दातांत फटी पडल्या आणि दात हलायला लागले. त्यात मुलीला डबी सापडली. ती तीन आठवडे धड बोलत नाही. ताई विचारतात: “आत्तींनी चाळीस वर्षं मिश्री लावली, त्यांच्या हिरड्यांतून कधी थेंब रक्त आलं नाही. मला ब्रशनं रक्त येतं आणि मिश्रीनं थांबतं. मग औषध कोणतं आणि विष कोणतं? आणि दात साफ करून घेतले तर आहेत तेही जातील का?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा दंतवैद्य म्हणून वाचलं आणि उत्तर आपोआप तयार झालं: मिश्री सोडा, क्लीनिंग करा, संपलं. दुसऱ्यांदा वाचताना थांबले. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगताय आणि ते खरं आहे. मिश्रीनं रक्त कमी दिसतं. हे नाकारून पुढे काही सांगितलं, तर तुम्ही मान डोलवाल आणि डबी जागच्या जागी ठेवाल. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका आजींना खुर्चीतच सुनावलं होतं, “हे विष आहे, कळत कसं नाही?” म्हणून. “बरं बाई,” म्हणाल्या, पदर खोचला आणि गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. तेव्हा आज सुनावणं नाही. तुम्ही पाहिलंत त्याचा अर्थ काय, एवढंच बोलू. त्यासाठी आधी हिरडी म्हणजे काय ते नीट बघावं लागेल.

उद्या सकाळी आरसा घेऊन खिडकीशी उभ्या राहा आणि खालचा ओठ बोटानं खाली ओढा. ओठाच्या आतली कातडी लालसर, मऊ, चकचकीत दिसेल. तिच्यातल्या बारीक शिराही दिसतील. ती ओढली की हलते. तिथून दातांकडे नजर न्या. एका रेषेपाशी रंग बदलतो. त्या रेषेपासून दातापर्यंतची कातडी फिकट गुलाबी, जाडसर, घट्ट. ओठ कितीही ओढला तरी ती जागची हलत नाही, कारण ती खालच्या हाडाला आणि मुळाला बांधलेली आहे. हीच खरी हिरडी. भाकरीचा कडक काठ, भाजलेल्या शेंगा, उसाचं कांडं, या सगळ्याचं घासणं सोसायला ती बनलेली आहे. काहींच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. तुमच्या नसले तर घाबरू नका, सगळ्यांना नसतात. रंगाचंही तसंच. आपल्याकडे पुष्कळांच्या हिरड्या मुळातच काळपट असतात, जशी कातडी सावळी तशी हिरडी सावळी. तो रोग नव्हे आणि तो घासून घालवायचाही नसतो. (काळ्या हिरड्या गुलाबी करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती बघून मुली विचारायला येतात. मी त्यांना परत पाठवते.)

आता दाताला अगदी टेकलेली किनार बघा. साधारण दीड मिलिमीटर, ब्लाउजच्या गळपट्टीसारखी दाताभोवती फिरलेली. एवढीच पट्टी मोकळी असते, बाकी हिरडी बांधलेली. दोन दातांच्या मधे हिच्या त्रिकोणी टोकांनी फट भरलेली असते. ती टोकं शाबूत असली की घास तिथं अडकत नाही.

या किनारीच्या आणि दाताच्या मधे एक बारीक चर असतो. निरोगी तोंडात त्याची खोली एक ते तीन मिलिमीटर. आणि त्या चराच्या तळाशी जे आहे ते मला आजही नवलाचं वाटतं. विचार करा, शरीरात कातडी भेदून बाहेर उभी राहिलेली कठीण वस्तू एकच, दात. नख कातडीचंच बनतं, केस कातडीतूनच उगवतो. दात मात्र हाडात रुतलेला आणि त्याचं डोकं तोंडाच्या ओलीत, जंतूंच्या गर्दीत. म्हणजे आतलं शरीर आणि बाहेरचं जग यांचा सांधा नेमका तिथं, चराच्या तळाशी. तो सांधा पेशींच्या जेमतेम एक मिलिमीटर उंचीच्या पट्टीनं बंद केलेला असतो. ती पट्टी दाताला अक्षरशः डकवलेली असते आणि आठवड्याभराच्या आत जुनी पेशी जाऊन नवी येते. तिच्या फटींतून पाझर चालू असतो आणि पांढऱ्या पेशी बाहेर येत राहतात. अख्ख्या गावाची वेस सांभाळायची आणि भिंत एक मिलिमीटरची, म्हणून पहारा रात्रंदिवस.

त्या पट्टीच्या खाली आणखी मिलिमीटरभर चिवट धाग्यांची शिवण. काही धागे मुळापासून हिरडीत जातात, काही दाताभोवती दाव्यासारखे गोल फिरतात, काही एका दातापासून शेजारच्या दातापर्यंत. त्याखाली हाड सुरू होतं. मूळ आणि हाड यांच्यातही धाग्यांचीच गादी असते, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. दात हाडात ठोकलेला नसतो, त्यात टांगलेला असतो. भातात वाळूचा कण आला की सगळ्या घरात तोच पहिल्यांदा कुणाला लागतो यावर वाद होतो ना? तो कण कळतो या गादीतल्या संवेदनांमुळे.

तुमच्या रानात ऊस आहे, म्हणून उसाचंच सांगते. लागण मोठी झाली की आपण भरणी करतो, बुडाला माती लावतो. का? वाऱ्यात ऊस आडवा पडू नये म्हणून. हिरडी आणि हाड ही दाताची भरणी. फरक एक आहे आणि तो फार मोठा आहे. पावसानं माती वाहून गेली तर तुम्ही पुन्हा लावता. दाताभोवतीचं हाड एकदा विरघळलं की सहसा पुन्हा येत नाही. काही ठरावीक जागी शस्त्रक्रियेनं थोडंफार परत आणता येतं. बाकी ठिकाणी असेल ते राखायचं.

आता रक्ताकडे येऊ.

दातावर आणि त्या चराच्या तोंडाशी जंतूंचा एक चिकट थर रोज बसतो. नखानं खरवडलं तर पांढरट, दह्याच्या सायीसारखं निघतं ते. तो थर तिथंच राहू दिला की हिरडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, पहाऱ्याला कुमक यावी म्हणून. चराची आतली कातडी पातळ होते, जागोजाग फाटते. बाहेरून तुम्हाला फक्त जराशी सूज दिसते. मग ब्रशचा केस त्या फाटलेल्या जागेला लागला की रक्त. आपल्याला वाटतं, ब्रशनं जखम केली. जखम आधीचीच असते. ब्रशनं फक्त खबर दिली.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणंच बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. ताई, रक्त आलं म्हणून तुम्ही ब्रश सोडलात. म्हणजे तोच प्रयोग तुम्ही दोन वर्षं चालवलाय, फक्त उलट फिरण्याचा दिवस आलाच नाही.

मग मिश्रीनं रक्त का थांबतं? तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. शिवाय रोजच्या घासण्यानं आणि जळक्या तंबाखूच्या चटक्यानं वरची कातडी जाड, पांढरट, राठ होते, हाताला घट्टे पडतात तशी. आतला जंतूंचा थर आहे तिथंच, सूज आहे तिथंच, हाडाची झीज चालूच. तेवढी खबर यायची थांबली. धूर येतोय म्हणून खिडकी बंद केली, चूल पेटलेलीच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या तोंडात आम्ही हे नेहमी बघतो. हिरडी फिकट, कोरडी, रक्ताचा पत्ता नाही आणि चरात मोजणीची बारीक सळई घातली तर सहा-सात मिलिमीटर उतरते.

यातून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही माझ्यावरचा विश्वास गमवाल. मिश्री सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसू शकतं. आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात, इतकंच त्याचं कारण. नेमक्या त्या आठवड्यात आत्ती म्हणतील, “बघ, मिश्री होती तेव्हा बरं होतं.” तो आठवडा काढायचा.

ठणक्याचंही सांगते. सहा वर्षांपूर्वी दाढ दुखायची थांबली ती मिश्रीच्या बधिरपणानं थांबली असेल, किंवा दाढेतली नस मेली म्हणून थांबली असेल. दुसरं झालं असेल तर ती दाढ आजही आत मुळाशी पू धरून बसलेली असू शकते. ती कोणती दाढ होती ते डॉक्टरांना बोट लावून दाखवा.

आता आत्तींच्या चाळीस वर्षांबद्दल. रागावू नका, पण तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. घरातल्या कामांची यादी देताना तुम्ही लिहिलंय, “आत्तींना भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते.” त्यांच्या तोंडात दात किती उरलेत? ते कसे गेले? किडून दुखून उपटावे लागले, की हलता हलता एकेक हातात आले, दुखल्याशिवाय, रक्ताशिवाय? विचारून बघा. बहुतेक वेळा दुसरंच उत्तर मिळतं, आणि सांगणारी ते म्हातारपणावर घालते. वयानं दात पडतात ही आपल्या गावाकडची पक्की समजूत आहे. हिरडी आणि हाड धड असेल तर सत्तरीतही दात राहतात.

आत्तींना यात आरोपी करू नका, एवढी माझी विनंती. त्यांनी तुमचा ठणका बघितला आणि जवळ होतं ते दिलं. निपाणी पट्ट्यातल्या बायकांनी तंबाखूच्या वखारीत निवडणी केली, घरी विड्या वळल्या, त्यावर पोरं शिकवली. १९८१ साली इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग रोखून धरला होता. ते पाहिलेली माणसं अजून घराघरात आहेत. ज्या पिकानं घर उभं केलं ते तोंडात वाईट, हे मान्य करायला त्या पिढीला जड जाणारच. एक मात्र त्यांना सांगता येईल. तंबाखू घातलेल्या दंतमंजनाच्या आणि पेस्टच्या उत्पादनावर आणि विक्रीवर सरकारनं १९९२ सालीच बंदी घातलीय. घरच्या तव्यावर कुणी बंदी घालू शकत नाही, म्हणून ते राहिलं.

दुसरी भीती क्लीनिंगची. ही भीती बेळगावात, खानापुरात, चिकोडीत, सगळीकडे ऐकते आणि ती अगदीच हवेतली नाही. तुमच्या नणंदेच्या फटी खऱ्या आहेत. त्या आधीपासून होत्या, भरलेल्या होत्या, एवढंच.

जंतूंचा तो मऊ थर काढला नाही की लाळेतल्या क्षारांनी घट्ट होतो, विहिरीच्या मोटारीच्या पाइपात क्षार धरतो तसा. काही दिवसांतच सुरुवात होते. मग तो ब्रशनं निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेनं चाचपा. तिथं दातांमागे खडबडीत बांध लागत असेल तर तोच हा, आम्ही त्याला टार्टर म्हणतो. त्याच्या खडबडीत पाठीवर नवा थर बसतो, हिरडी त्यापासून दूर सरकते, हाड खाली जाते, आणि मोकळी झालेली जागा हा दगडच भरून काढतो. शेवटी अशी वेळ येते की हलणारे चार दात या दगडानं एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. तो काढला की फटी दिसतात, दात हलल्यासारखे वाटतात, थंड पाणी झणझणतं. सुजलेली हिरडी ओसरून बसते त्यानं दात लांब दिसतात. नणंदेला सफाईचा दोष वाटला तो यामुळे. दगड काढणाऱ्या यंत्राचं टोक कंप पावतं, त्यातून पाणी उडतं. नीट वापरलं तर दाताचं वरचं कवच त्यानं खरवडून जात नाही. ते कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे.

तरीही नणंदेची एक तक्रार मला रास्त वाटते. तिला हे आधी कुणी सांगितलं नसावं. दहा मिनिटांत काम उरकून “झालं, या” म्हटलं असेल तर तिनं दुसरा काय अर्थ काढायचा? म्हणून तुम्ही खुर्चीत बसण्याआधी विचारा. “डॉक्टर, चर किती खोल आहेत ते मोजलंत का? एक्सरेत हाड किती उरलंय? कोणते दात आधीच हलतायत?” मोजणीची सळई बारीक, बोथट असते आणि तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. तीनपर्यंत आकडे आले तर साधी सफाई आणि नीट ब्रश एवढ्यानं भागतं. चार-पाच आणि पुढे असेल तर हिरडीखालची मुळं साफ करावी लागतात. त्याला बधिर करण्याचं इंजेक्शन लागतं आणि दोन-चार फेऱ्या होतात. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात. त्यातूनही खोल राहिलेल्या जागी हिरडी उघडून साफ करायची वेळ येऊ शकते, पण ते आत्ताच डोक्यात घेऊ नका. खूप हलणारे दात शेजाऱ्यांना तारेनं बांधता येतात. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुमचं काम मधल्या पायरीवर भागेल. पण तोंड न बघता केलेला हा अंदाज आहे.

नाही केलं तर? हा पर्यायही मांडायला हवा, कारण तुमच्या मनात तो आहे. आजचा दात आज पडणार नाही. पाच वर्षं, दहा वर्षं निघतील. मग एकेक हलेल, आणि तेव्हा वाचवण्याजोगं हाड उरलेलं नसेल. मिश्री सोडली आणि सफाई केली नाही तर झीज हळू होईल, पण थांबणार नाही. सफाई केली आणि मिश्री सोडली नाही तर जखम भरत नाही, फायदा अर्धाच. दोन्ही लागतं. हे मी गोड करून सांगू शकत नाही.

शुगरचं पान वेगळं नाही, याच वहीतलं आहे. साखर वाढलेली असली की हिरडीतली सूज जोर धरते आणि भरून यायला वेळ लागतो. उलट, हिरडीत कायमची सूज असली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. हिरड्यांचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत, साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीच्या त्या तपासणीचा (HbA1c) आकडा साधारण ०.३ ते ०.४ नं उतरतो असं दिसून आलंय. फार वाटत नाही, पण गोळीशिवाय मिळालेलं आहे. शुगरच्या डॉक्टरांना हिरड्यांचं सांगा आणि दातांच्या डॉक्टरांना शुगरचं. दोघं एकमेकांशी बोलतील याची वाट बघू नका. जाण्याच्या दिवशी सकाळची गोळी आणि नाष्टा चुकवायचा नाही. उपाशी पोटी खुर्चीत चक्कर येते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर सफाईआधी सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. बीपीच्या अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी आणि फिट्सच्या फेनिटॉइननं हिरडी वाढून दातांवर चढते. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात सफाई निर्धास्त करून घेता येते. आणि हिरडीतून आपोआप रक्त येतंय, अंगावर निळे डाग पडतायत, ताप आणि थकवा आहे, असं एकत्र असेल तर दंतवैद्याच्या आधी रक्ताची तपासणी.

मिश्री सोडण्याचं आता. सकाळची पहिली बोटभर सगळ्यात अवघड जाईल, कारण तिच्याशी शौचाचं गणित बांधलेलं आहे. तुम्ही ते लिहिलं नाहीत, लाजलात, पण मला बायका कानात सांगतात: मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही. खरं आहे ते, निकोटिननं आतडी हलतात. सोडल्यावर आठ-दहा दिवस पोट जड राहील. उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, मळ्यापर्यंत चालणं, रात्री पालेभाजी आणि थोडी भिजवलेली मूग-मटकी. गरज पडली तर इसबगोल. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोरीवर ओरडाल. दोन ते चार आठवड्यांत ते निवतं. हात रिकामा राहू नये म्हणून बडीशेप, लवंग, ओवा चालेल. सुपारी नको, ती वेगळं दुखणं आहे. चार वेळांपैकी कोणती वेळ आधी सोडायची ते तुम्ही ठरवा. मी दुपारची सांगेन, कारण ती नुसती रिकामपणाची असते. आणि पंधरवड्याच्या आत बाकीच्या सुटल्याच पाहिजेत. जमलं नाही तर तंबाखू सोडवणारी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. अंगावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या मिळतात. तुमचे दात हलत असतील तर निकोटिनच्या च्युइंगमपेक्षा पट्टी बरी, पण डॉक्टरांना विचारून.

घरात तव्यावर भाजणं चालू आहे तोवर सोडणं फार कठीण. तो वास नाकात गेला की हात डबीकडे जातो. आत्तींनी सोडावी असा हट्ट धरू नका, भाजायचं परड्यात, एवढंच मागा.

ब्रशचं शेवटी घेते कारण तेच रोजचं आहे. मऊ केसांचा घ्या. कडक ब्रशनं दात जास्त स्वच्छ होतात हा भांडी घासण्यावरून घेतलेला नियम आहे. ब्रश दातावर सपाट न धरता जरा तिरका, केसांची टोकं हिरडीच्या किनारीत शिरतील असा. तिथंच दोन-दोन दातांवर हलके थरथरवायचे, मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्यायचं. रक्त येईल. जिथून येतं तिथंच जास्त हळू आणि जास्त वेळ. रात्री निजण्याआधीचा ब्रश सकाळपेक्षा महत्त्वाचा, दोनपैकी एकच जमणार असेल तर रात्रीचा ठेवा. फटी पडल्यात तिथं बाटली धुण्याच्या ब्रशची पिल्लं वाटावीत असे छोटे ब्रश मिळतात, औषधाच्या दुकानात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, बरं वाटतं. मीठ हिरडीवर चोळू मात्र नका. तुरटीनं हिरडी वरून आकसते, मघाशी सांगितलेला मिश्रीचा प्रकार जरा सौम्यपणे होतो, आतला दगड हलत नाही. राखुंडी, विटेची पूड, कोळसा, यांनी उघडं पडलेलं मूळ झिजतं. लवंगतेल थेट हिरडीवर ओतल्यानं भाजलेल्या दोन बायका मी यंदाच बघितल्या.

तालुक्याला परवडत नसेल किंवा शंका असेल तर बेळगाव गाठा. शहरात दोन दंत महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी पडतो. शिकणारी मुलं वेळ लावतात, तपासायला वरचे डॉक्टर येतात. मला तर वेळ लावणारी मुलं आवडतात, ती प्रत्येक आकडा लिहून घेतात. कुणी कन्नडमध्ये बोललं तर बिचकू नका. ‘वसडु’ म्हणजे हिरडी, ‘हल्लु’ म्हणजे दात. एवढ्यावर निम्मं कळतं, उरलेलं मराठीत सांगणारं कुणीतरी त्या रांगेत असतंच.

तोंडात आणखी एक गोष्ट बघून घ्यायला सांगा. तुम्ही मिश्री कुठं दाबून धरता, खालच्या ओठाच्या आत? तिथं पांढरा चट्टा, सुरकुतलेली राठ कातडी, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर ती पुढे वाईट वळणावर जाऊ शकते, म्हणून आधी दाखवायची. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. वेळेत दाखवलेले असे बरेच चट्टे तंबाखू सोडल्यावर विरतात. आत्तींनाही त्याच फेरीत घेऊन जा. दात नसले तरी गाल, जीभ, हिरडी आहेच, आणि चाळीस वर्षांचा हिशोब त्यांच्याच तोंडात आहे.

राहिली मुलगी. तुम्ही लिहिलंय की तिला तुमची लाज वाटते. मला तसं वाटत नाही. ती वॉर्डात तोंडाच्या कॅन्सरची माणसं बघून येते आणि घरी आल्यावर आईच्या उशाखाली डबी सापडते. ती घाबरलीय आणि घाबरलेल्या पोरी गप्प बसतात. तुम्ही तिला वचन देऊ नका, वचनं मोडली की आणखी लपवावं लागतं. काम द्या. म्हणा, मला बेळगावला घेऊन चल, चर मोजतील ते आकडे तू वहीत लिही, मला त्यातलं कळत नाही. आणि केसपेपर करताना तंबाखूचं विचारतील, तेव्हा तिनं सांगायच्या आधी तुम्हीच सांगा, तिच्या देखत: मिश्री, दिवसातून चार वेळा, सहा वर्षं.